उंटाच्या सिनेमातले सात धडे

“आणि सातवा धडा कोणासाठी म्हणालास?”

“पंचकमिटीसाठी, मास्तर. त्यांना खुर्ची सोडवत नाही.”

“असं होय. पहिला सलोमीबाईला, कारण ती भजनात सगळ्यांच्या वर सूर लावते. दुसरा घंटा वाजवणाऱ्या गमलिएलला. तिसरा, चौथा, पाचवा पुढच्या बाकावरच्यांना... सहावा राहिला.”

सिल्वान घुटमळला. “सहावा तसा सगळ्यांनाच लागू आहे. म्हाताऱ्या उपदेशकांना जरा जास्त.”

“म्हणजे मला.”

“मनावर घेऊ नका, मास्तर.”

“छे रे. मला कानानं कमी ऐकू येतं, तेच बरं.”

एलिया मास्तर हसले. दात दोनच उरले होते, पण हसायला तेवढे पुरतात.

सिल्वान रणभिसे पुण्याहून धर्मशिक्षण पुरं करून आला होता. सोबत नवा कोट, कंगव्यानं नीट पाडलेला भांग आणि गर्वावरचा एक उपदेश. उपदेशासाठी त्यानं उंटाचं कार्टून निवडलं होतं. त्या उंटानं तेव्हा पोरांना याड लावलं होतं. दप्तरावर उंट, पाण्याच्या बाटलीवर उंट. तांड्याच्या म्होरक्या उंटाला वाटतं, आपण चालतो म्हणून वाळवंट सरकतं. मग वादळ येतं. गावाची वेस ठेंगणी. मान वाकवली तर आत, नाहीतर बाहेर वाळूत. शेवटी स्वारी गुडघे टेकते.

उद्या रविवार. जिल्ह्याची वडील मंडळी खास सिल्वानला ऐकायला येणार होती. आजवर चर्चचं व्यासपीठ मास्तरांचं होतं. मास्तर ‘हो’ म्हणाले, तरच ते सिल्वानचं होणार होतं. आणि मास्तर अजून ‘हो’ म्हणाले नव्हते.

“दाखव बघू तुझा उंट,” मास्तर म्हणाले.

दुपारचे दोन वाजले होते. दोघांनी दगडी चर्चच्या खिडक्या लावल्या, फटींना गोणपाटं लावली. पडद्यासाठी मास्तरांनी कपाटातून चादर काढून दिली. चांगली मोठी, पांढरीफेक.

“झकास आहे की. कशाला वापरता?” सिल्वाननं ती खिळ्यांना अडकवत विचारलं.

“शवपेटीवर घालतो. मंडळीत एवढी एकच आहे... वर्षभर मयताला, सुट्टीत पोरांच्या सिनेमाला.”

सिल्वाननं हात पँटला पुसले.

सिनेमाचं यंत्र सुरू झालं. चादरीवर वाळू उडू लागली, उंट ऐटीत निघाला. सिल्वानला राहवेना. तो पुढं गेला, बोट वर करून उभा राहिला. “बघा मास्तर, इथं पहिला धडा...”

“सरक बाजूला. उंट दिसत नाही.”

सिल्वान सरकला.

“अजून दिसत नाही.”

“सरकलो की, मास्तर. भिंतीला टेकलोय.”

“तू सरकलास.”

सिल्वाननं मान वळवली. त्याची सावली चादरीवर होती तिथंच होती. तोच कोट, वर केलेलं तेच बोट. उंट तिच्या पोटातून चालत गेला.

त्यानं हात खाली घेतला. सावलीनं घेतला नाही.

तो धावत गेला आणि यंत्र बंद केलं. उंट गेला, वाळू गेली, उजेड गेला. अंधारात चादर तेवढी फिकट दिसत होती आणि तिच्यावर ती... आधीपेक्षा काळी.

“मास्तर...”

“बघतोय.”

“चादरीला डाग असेल.”

“परवाच धुतलीय.”

सावलीचा जबडा हलत होता. आवाज नव्हता. ती एकेक बोट उघडत होती. एक. दोन. तीन. सिल्वानला न ऐकताच कळत होतं, कारण शब्द त्याचेच होते. सहाव्या बोटाला तिनं मान वळवली आणि मास्तर बसले होते तिकडं तोंड केलं.

सिल्वाननं थंडगार फरशीवर गुडघे टेकले, थेट त्या उंटासारखे. सावली उभीच राहिली.

“प्रभू, क्षमा कर,” तो पुटपुटला. “मी गर्विष्ठ आहे. माझ्याएवढा गर्विष्ठ माणूस या सबंध जिल्ह्यात नसेल.”

सावली हातभर वाढली. तिचं डोकं चादर सोडून भिंतीवर चढलं.

सिल्वान डोळे मिटून रडू लागला. रडणं खरं होतं, त्यात खोट नव्हती. पण रडता रडता त्याच्या मनात आलं... हे असं भर सभेत घडलं तर! वडील मंडळी गहिवरून जातील. हा तर आठवाच धडा झाला.

त्यानं डोळे उघडले.

सावलीनं आठवं बोट वर केलं होतं.

कुठंतरी वर छपरात पाकोळ्या फडफडल्या. मग मास्तर काठी टेकत उठले. चादरीकडं त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. जाऊन त्यांनी दार उघडलं.

उन्हाचा पट्टा फरशीवर आला. त्यात काठीची सावली पडली. नुसती काठीचीच.

सिल्वाननं ती पाहिली. मास्तरांच्या पायांपाशी पाहिलं. पुन्हा काठीकडं पाहिलं.

“मास्तर... उद्या मी उपदेशाला उभा राहू ना?”

“ती उभी आहे की, तू कशाला दमतोस?” मास्तर म्हणाले. “मागच्या बाकावर ये, माझ्याशेजारी. चाळीस वर्षं माझी बोलते, मी तिथूनच ऐकतोय.”