देवघरातली वही

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सकाळपासून धुकं, हवा दमट. वस्तू एकमेकींशी बोलत असत त्या काळी, गोदाकाकूंच्या टिपणांच्या वहीला एक भीती जडली. तिचे कोपरे दुमडले होते आणि कालच्याच पानावर आमटीचा थेंब पडला होता. असंच चाललं तर आपण रद्दीत जाऊ, म्हणून ती शेजारच्या चिंध्यांच्या गाठोड्यात आवरण शोधू लागली.

“मला घे गं,” मांजरपाट म्हणाला. “काकूंचे ओले हात माझ्या ओळखीचे आहेत.”

“तुला फोडणीचा वास येतो, बाबा,” लाल रेशमी तुकडा म्हणाला.

“आणि या रावसाहेबांना बघून काकू हात लावायलाच बिचकतील!” मांजरपाट वहीला म्हणाला.

रेशमी तुकड्याने नाक मुरडलं. “बरंच की! हातच लागला नाही, तर डाग कुठून पडणार?”

वहीला ते पटलं. रेशमाने तिला चहूबाजूंनी गुंडाळून घेतलं.

दुपारी काकूंच्या सासऱ्यांना ती फडताळात दिसली. “अरे राम! पोथी इथे कुणी टाकली?” म्हणत त्यांनी ती देवघरात नेऊन ठेवली.

काकूंनी वही घरभर शोधली, गादीखाली, डब्यांमागे. रोज सकाळी त्या देवघरात येत, सासऱ्यांच्या पोथीवर फूल वाहत, हात जोडत. मामंजींची पोथी सोडून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

“काकू, मी आहे हो इथे,” वही आतून म्हणे. माणसांना ते ऐकू येत नसे. ओल्या हातांच्या आठवणीने ती दिवसभर पडून राही.

पौषात काकूंनी नवी वही आणली. रेशमातल्या वहीची बारा पानं लिहिलेली राहिली आणि एकशे अठ्ठ्याऐंशी कोरी.