सोळा पायांचा पाहुणा

मला सगळं नीट आठवतं असं मी म्हणणार नाही. गाव शिरदवाड होतं की त्याच्या अलीकडचं, याचीही आता खात्री वाटत नाही. पण त्या गावात नेमू नावाचा एक भोळा माणूस राहायचा आणि तो माझा मेहुणा होता, एवढं नक्की.

त्या वर्षी मी घरी एक संगणक बांधत होतो. त्याचा प्रोसेसर विचित्र होता. झुरळाएवढा, सोळा पायांचा. एका वेळी त्याला एकच गोष्ट कळायची: हो की नाही. तसे दोनच नग इचलकरंजीच्या एका भंगारवाल्याकडे उरले होते. रविवारी शाळेच्या प्रदर्शनात माझ्या यंत्रानं दोन आणि तीन मिळवून पाच दिवे लावायचे होते. आठ वर्षांची मेहनत त्या पाच दिव्यांवर येऊन थांबली होती.

पहिला नग आणायला नेमूला पाठवला. त्यानं तो नायलॉनच्या शर्टाला घासून चकाचक करत आणला. नग मेला होता.

"नेमू, घासल्यानं वीज साचते. असल्या वस्तूला हात लावायचा नाही. चांदीच्या कागदात गुंडाळून आणायची."

"बरं, दाजी."

भंगारवाला दुसरा नग शोधून पाठवतो म्हणाला. तोवर नेमूला जुना टीव्ही आणायला धाडलं. टीव्ही आला तो बर्फीसारखा चांदीच्या कागदात.

"हात नाही लावला, दाजी."

"मग आणलास कसा?"

"स्टँडपासून पायानं ढकलत."

काच तडकली होती. मी म्हणालो, "अरे, काचेची वस्तू गादीवर आडवी निजवायची. वर चादर घालायची. टेम्पोतून सावकाश आणायची."

"बरं, दाजी."

रविवारी प्रमुख पाहुणे मगदूम साहेबांना आणायला नेमू गेला. साहेबांना चष्मा होता. चष्म्याला काच होती. नेमूनं साहेबांना टेम्पोत गादीवर आडवं केलं आणि वर चादर घातली. वाटेत लोक हात जोडू लागले. एका म्हातारीनं फुलं वाहिली. शाळेच्या फाटकात हेडमास्तरांनी मुलांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. दुसऱ्या मिनिटाला साहेब शिंकले.

मी नेमूला बाजूला घेतलं. "मोलाचा पाहुणा दारात आला की पायांवर ऊन पाणी घालायचं. गूळ द्यायचा. ओवाळायचं. कळलं?"

"कळलं, दाजी."

तेवढ्यात भंगारवाल्याचा माणूस सायकलवरून दुसरा नग घेऊन आला. दारात नेमूच होता. त्यानं सोळाही पायांवर मोजून ऊन पाणी घातलं. तोंड सापडेना, म्हणून गूळ मधोमध लावला. मग ओवाळलं.

मी तो हिसकावून घेतला, पुसला, घाईघाईनं यंत्रात बसवला आणि बटण दाबलं. धूर आला. दिवा एकही लागला नाही.

"पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," मी म्हणालो.

"बरं, दाजी."

त्यानंतर दर भाऊबीजेला नेमू आमच्याकडे यायचा आणि पाटावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, त्याला पाठीमागून ओवाळायची. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी माळा आवरताना ते यंत्र हाती लागलं. असल्या नगाला एका टोकाला बारीक खाच असते. ती ज्या बाजूला यायला हवी, तिथं यंत्रावर खूण केलेली असते. मी भिंगातून तीनदा पाहिलं. नगाचं माहितीपुस्तक काढून ताडून घेतलं. पाण्यानं असा नग मरत नाही, नीट पुसला की झालं, असंही त्यात लिहिलं होतं.

खाच खुणेच्या पलीकडच्या टोकाला होती. नग मी उलटा बसवला होता.