मनगटाचा एक्स-रे

"…पण मॅडम, ती तयार असताना आपण नाही का म्हणायचं?"

घैसास मॅडमनी आधी चष्मा पुसला. मिरजेत उभा जन्म त्यांनी लोकांचे दात सरळ करण्यात घालवला होता, पण घाईच्या प्रश्नाला घाईनं उत्तर द्यायची सवय काही लागली नव्हती.

श्रीरंग त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक. बोलताना हनुवटीवर मूठ टेकवायची त्याची सवय. लोकांना वाटे, मोठा विचार करतोय.

पेशंट सुवर्णा, एकोणीस वर्षांची. खालचा जबडा मागे राहिलेला. लहानपणी घरच्यांनी मनावर घेतलं नाही. जबडा पुढे आणणारी प्लेट द्या, कितीही दुखलं तरी काढणार नाही, असं तिनं त्याला काकुळतीनं सांगितलं होतं.

"मनगटाचा एक्स-रे काढलास?"

काढला होता. नीट बघायचं मात्र त्यानं टाळलं होतं.

मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. वाढत्या मुलांच्या मनगटात हाडांच्या टोकांशी बारीक फटी दिसतात. त्या असतात तोवर जबडाही वाढत असतो आणि प्लेट त्या वाढीला वळण लावते. सुवर्णाच्या फटी केव्हाच बुजल्या होत्या. आता प्लेट नुसते दात ढकलणार, जबडा जागचा हलणार नाही.

"हे तुला वाचता येत नाही असं नाही."

"येतं. तरी एकदा करून बघू…"

"ही प्लेट तुला नक्की कुणाला द्यायचीय, श्रीरंग?"

त्याची मूठ हनुवटीवर गेली…

शाळेच्या फोटोत शेवटच्या रांगेत, मागे राहिलेली हनुवटी लपवत मान खाली घालून उभा असलेला एक मुलगा त्याला आठवला. त्या मुलाला कुणीतरी वेळेवर दवाखान्यात न्यायला हवं होतं. डॉक्टर झाल्यावर ती हुरहूर संपेल असं त्याला वाटलं होतं. ती संपली नव्हती.

"मग तिला सांगू काय?"

"आहे ते. प्लेटची वेळ गेली. ऑपरेशन आहे, ते सोपं नाही. काहीच न करणंही आहे. ठरवू दे तिला."

"तिला फार वाईट वाटेल."

"वाटेल."

बाहेर बाकावर सुवर्णा ओढणी तोंडाशी धरून बसली होती. श्रीरंग उठला, दाराशी घुटमळला…

"तिच्याशी बोलताना," मॅडम म्हणाल्या, "हनुवटीवरचा हात खाली घे."