वांग्याभोवतीच्या मुंग्या

फार जुनी गोष्ट. म्हणजे कॉम्प्युटरला जेवढं जुनं होता येतं, तेवढी जुनी. त्याच्या पडद्यात चित्रं रंगवणारा एक ब्रश राहायचा, भारी चढेल. बियाण्याच्या पाकिटावरचं वांगं त्याला रंगवायचं होतं. मालकाने बजावलं होतं, "हे बिघडवलंस तर दुसरा ब्रश घेईन."

रंगवायचा भाग निवडला की पडद्यावर त्याच्याभोवती सरकती तुटक रेघ उमटते ना, तशा वांग्याच्या कडेने ठिपक्यांच्या मुंग्या फिरत होत्या. रंग बाहेर सांडू नये म्हणून राखण करायच्या बिचाऱ्या.

"चित्रात तुम्ही दिसत नाही, रंगाचा थेंब लावत नाही. नुसत्या घिरट्या काय घालता गं? सरका!" ब्रश खेकसला.

"बरं बाबा," म्हणत मुंग्या निघून गेल्या.

ब्रशने ऐटीत एका अंगाला जांभळी सावली ओढली. ती थेट मागच्या आभाळात घुसली. सावरायला गेला, तर देठही बुडाला.

"अगं बायांनो, या गं! वांगं कसलं, शेणाचा पो झालाय. मालक हाकलेल मला!"

"आता कसं?" हसत हसत मुंग्या परतल्या. सगळं पुसून ब्रशने पुन्हा सावली धरली, हळूहळू, त्यांच्या आत राहून. वांगं टच्च फुगलं.

पाकीट छापून आलं. त्यावर मुंगी एकही नव्हती. ब्रश मात्र भेटेल त्याला सांगत सुटला, "वांगं काय बघता लेको? कड बघा, कड!"