सकस काय, भंते?

“मग भंते, सकस काय म्हणायचं? तेल की मटण?”

भंते उपसेन विहाराच्या ओट्यावर बसून भिक्षेचं पात्र पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणाऱ्या श्रामणेर रेवतला, या शिकाऊ भिक्खूला, उत्तर ठाऊकच होतं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तो आहारतज्ज्ञ होता, पदवीला सुवर्णपदक मिळवलेला. पावसाळ्यातल्या वर्षावासापुरतं भिक्खूचं चीवर घेऊन तो वैनगंगेकाठच्या या गावात आला होता. आल्या दिवसापासून त्याला वाटत होतं, भंतेंनी आपल्याला एकदा तरी काही विचारावं.

भंते विचारत नव्हते. म्हणून तोच बोलत होता.

“जवसाचं तेल घ्या. वजनाला वजन धरलं, तर मटणाच्या कितीतरी पट ऊर्जा त्यात. काळजाला जपणारं. पण प्रथिनं शून्य, लोह शून्य. बोकडाच्या मटणात ही दोन्ही भरपूर. त्यातलं लोह जसं अंगी लागतं, तसं पालेभाजीतलंही लागत नाही. पण मग त्याची चरबी...”

“सकाळी तानाबाईला हेच सांगत होतास?”

रेवत खुलला. भंतेंनी विचारलं होतं!

“हो भंते. तिच्या भल्यासाठीच.”

तानाबाई खोब्रागडे बौद्धवाड्याच्या टोकाला एकटी राहायची. सकाळी हे दोघे भिक्षेला गेले, तेव्हा तिनं रेवतच्या पात्रात भात वाढला, भातावर मटणाचा रस्सा घातला आणि दोन मोठे तुकडे पळीनं शोधून ठेवले. रेवतला राहवलं नव्हतं. “आजी, या वयात मटण बरं नाही. चरबी रक्तवाहिन्यांत साचते. त्यापेक्षा जवसाचं तेल खात जा,” असं तो तिला म्हणाला होता.

“मग ती काय म्हणाली?” भंतेंनी विचारलं.

“म्हणाली, ‘मले का माहीत जी.’ अन् आत गेली.”

“हं...”

“खोटं नव्हतं भंते ते.”

“नव्हतंच,” भंते म्हणाले. पात्र पालथं घालून ते उठले.

रेवतला ते कौतुकच वाटलं. दिवसभर तो हलक्या पावलांनी वावरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच घरी भंतेंच्या पात्रात ज्वारीची भाकरी पडली. वर जवसाचं तेल, तिखट आणि मीठ. रेवतनं समाधानानं पाहिलं. घरं घेत घेत दोघे तानाबाईच्या दाराशी आले.

दार अर्धं लोटलेलं होतं.

भंते नजर खाली करून उभे राहिले.

“आज काही नाही जी, भंतेजी,” आतून आवाज आला. “तेल नाही घरी.”

भंते उभेच.

“भंते, नाही म्हणतेय ती,” रेवत कुजबुजला. “पुढं जाऊ या.”

भंते हलले नाहीत. नळावर पाणी भरणाऱ्या बाया वळून बघू लागल्या. रेवतला ओशाळल्यासारखं झालं. भिक्खूनं मागायचं नसतं, आणि नाही म्हटल्यावर असं उभं तरी किती राहायचं!

बऱ्याच वेळानं भंते बोलले. “माय, तू जेवली का?”



दार उघडलं. चौकट धरून तानाबाई उभी होती.

“कालपासून मन नाही झालं जी.”

“घरात काही नाही?”

“मटण हाय ना. भावानं आणलं होतं पवनीहून. तपासणीच्या कॅम्पातल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं, बाई तुज्या अंगात रक्तच नाही, मटण खात जाय. म्हणून त्यानं मुद्दाम आणलं. पहिले तुमाले वाढलं. मंग हे लहान भंते म्हणाले का ते बरं नसते...” तिनं पदर तोंडाशी नेला. “सांजीले उकळी देल्ली, आज सकाळी देल्ली. टाकवत नाही. अन् खावत बी नाही. तुमाले जे चालत नाही, ते मी कसं खाऊ?”

रेवतनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

तिच्या डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक होत्या. नखं पिवळट, चपटी. चौकट तिनं आधाराला धरली होती. चार पावलं चालून तिला धाप लागली होती. दवाखान्यात असा रुग्ण त्यानं दुरून, नुसत्या चालण्यावरून ओळखला असता. काल तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि बघत होता पात्रात.



तेलात लोह शून्य. काल आपणच तर म्हणालो.

त्यानं भंतेंकडे पाहिलं. भंते त्याच्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. ते नुसते थोडे बाजूला सरकले आणि दारासमोरची जागा त्याला मोकळी करून दिली.

“आजी,” रेवत म्हणाला, “काल मी बोललो ते तुमच्यासाठी नव्हतं. मी तुमच्याकडं नीट पाहिलंच नाही. डॉक्टरीणबाईंचंच ऐका. मटण खा. आत्ता खा.”

तानाबाई हलली नाही.

“तुमी घ्यान का?”

“आं?”

“तुमी घ्यान, तं मी खाईन.”

रेवतनं मुकाट्यानं पात्र पुढं केलं.

तानाबाई आत गेली, मटणाचं पातेलं, तो गंज, घेऊन आली. पळी तळाशी फिरली आणि त्यातला त्यात मोठा तुकडा रेवतच्या पात्रात पडला. राहू द्या आजी, तुम्हालाच ठेवा, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले आणि मान झुकवली.

भंते उंबऱ्याबाहेर टेकले. आपल्या पात्रातली तेलाची भाकरी मोडून त्यांनी अर्धी तिच्या ताटलीत ठेवली. तानाबाईनं ती रश्श्यात बुडवली आणि खाल्ली. मग एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. खाता खाता भावाचं सांगू लागली, की तो एसटीत कसा डबा मांडीवर घेऊन आला. सांगताना हसली.

रेवत बघत राहिला. जिच्या अंगात धड उभं राहण्यापुरतं रक्त नाही, तिनं भावानं आणलेल्यातला चांगला घास सलग दोन दिवस दुसऱ्याला वाढला होता, तोही आपण खाण्याआधी. असा हात त्यानं कुठल्याच मोठ्या घरात पाहिला नव्हता.

“उद्या या जी,” तानाबाई म्हणाली. आता ती चौकट न धरता उभी होती.

दोघे गल्लीतून निघाले. 

“भंते...”

“हं.”

“उद्यापासून दुसऱ्या गल्लीनं जाऊ या.”

“का?”

“तिलाच पुरत नाही, भंते. अंगात रक्त नाही तिच्या. तिच्याकडून आपण घ्यायचं तरी कसं?”

भंते उपसेन चालता चालता थांबले...

“म्हणजे, वाढणारा हात तेवढा आहे तिच्याकडं, तोही काढून घेतोस का रे?”