छेवांग प्रधानाचं तिसरं 'नाही'

फार फार वर्षांमागं हिमालयात लुंगथांग नावाचं एक राज्य होतं. राज्य कसलं, राजाला शिंक आली तर सरहद्दीवरचा पहारेकरी म्हणायचा, "जपा महाराज!"

तिथली रीत मोठी गमतीची. कुणी काही देऊ केलं, कुणी काही मागितलं, तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदाही नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. तसं कधी कुणी केलंच नव्हतं.

छेवांग मेंढपाळाचा मुलगा. डोक्यानं शांत, म्हणून राजानं त्याला प्रधानकी देऊ केली. तो दोनदा नाही म्हणाला, मग हो म्हणाला. घरी बायको ल्हाझोम म्हणाली, "आणि खरंच नको असती, तर काय म्हणाला असतात?"

छेवांग विचारात पडला. खरंच की! काय म्हणतो माणूस?

पुढं खालच्या मुलखातल्या मोठ्या राजाचा वकील आला. त्याच्या राजाला महालासाठी देवदाराचं रान हवं होतं, गोसार गावाच्या डोक्यावरचं. रान तुटलं की बर्फाची दरड थेट गावावर येणार, हे मेंढपाळाच्या पोराला पक्कं ठाऊक. पण राजा भ्यालेला. म्हणाला, "रीतीनं वाग, छेवांग. शेवटी हो म्हण."

वकील रीत शिकूनच आला होता.

"रान देता?"

"नाही."

"द्या हो, प्रधानजी."

"नाही."

वकील गालात हसला. "बरं, आता तिसऱ्यांदा विचारतो. देता ना?"

छेवांगनं तोंड उघडलं. जिभेला तिसऱ्या 'नाही'ची वाटच माहीत नव्हती. तरी तो म्हणाला, "नाही."

असं म्हणतात, तो शब्द समोरच्या डोंगरानं उचलला, मागच्याला दिला, आणि सगळा हिमालय 'नाही, नाही' म्हणू लागला. वकील जो पळाला, तो पुन्हा फिरकला नाही.

पण रीत मोडली होती. राजानं डोळे पुसत प्रधानकी काढून घेतली. घरी येऊन छेवांग म्हणाला, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं गं."

"मिळालं खरं. आता चुलीवर काय ठेवू, तेही डोंगरालाच विचारा!"

दोघं गोसारला जाऊन मेंढ्या राखू लागली. त्या हिवाळ्यात दरड सुटली. असं म्हणतात, देवदारांनी एकमेकांचे हात धरले, आणि गावातली एक चूलसुद्धा विझली नाही.

अजूनही लुंगथांगात नवा प्रधान नेमायचा झाला, की त्याला आधी गोसारला जेवायला धाडतात. म्हाताऱ्या आग्रह करकरून वाढतात. तिसऱ्या आग्रहालाही जो ताटावर हात आडवा धरतो, तोच प्रधान. बाकीच्यांना त्या पोटभर जेवू घालतात आणि म्हणतात, "गुणाचं लेकरू आहेस हो. जा आता घरी."