गबाजी अस्वलाची ढोलकी

जंगलातल्या लग्नांत वाजंत्री लागत, त्या काळची ही गोष्ट. गबाजी अस्वल तरुणपणी ढोलकी वाजवायचा. पुढे संसार लागला, पोट सुटलं आणि ढोलकी उभी करून तिच्यावर मधाचं गाडगं ठेवायची सोय झाली. पण न वाजवताही गबाजीची कीर्ती दरवर्षी वाढतच गेली, कारण ती तो स्वतःच सांगत असे. "माझ्या ढोलकीवर वाघ नाचलाय!"

सांबराच्या लेकीच्या लग्नात ढोलकीवालं माकड फणस खाऊन आडवं झालं आणि सगळे गबाजीकडे वळले. "ढोलकी घेऊन येतो," म्हणत तो मांडवातून सटकला. घरी येऊन त्याने ढोलकीवर थाप मारली. आवाज आला, "भद्!"

"बिघडलीस तू!"

"आणि तुम्ही हो?" ढोलकी म्हणाली. "आपण दोघंही सैल झालोय. आधी माझ्या दोऱ्या ताणा."

पंजा मुरगळला म्हणावं, म्हणजे कीर्ती तरी शाबूत राहील, असं गबाजीच्या मनात आलं. पण थाप मारलेला पंजा अजून गोड झिणझिणत होता. दोऱ्या ताणून, ढोलकी गळ्यात अडकवून तो मांडवाकडे निघाला.

मांडवात पहिल्याच ठेक्याला नवरदेव अडखळला. वऱ्हाड पोट धरधरून हसलं. गबाजी चुकत चुकत वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी साळिंदराने डिवचलं, "काय गबाजीराव, तुमच्या ढोलकीवर म्हणे वाघ नाचला होता?"

"वाघबीघ काही नव्हता हो," दोऱ्या ताणता ताणता गबाजी म्हणाला. "पण कालची शेवटची थाप ऐकलीत का?"